आंतरजालाची परिभाषा व नंदुरबार जिल्हा

आंतरजालाची परिभाषा : जगभरातील संगणकांची लहानमोठी जाळी परस्परांशी जोडून तयार झालेल्या जाळ्यांच्या जाळ्यास आंतरजाल किंवा इंटरनेट असे म्हणतात. या जाळ्याची रचना, त्यावरील सेवा व त्यांचा वापर यांसंबंधी जे विशिष्ट शब्द रूढ झाले आहेत, त्यांचा समुच्चय म्हणजे आंतरजालाची परिभाषा होय. सर्व्हर, लिंक, नेटवर्क, पासवर्ड, ऑनलाइन, ओटीपी हे शब्द मूलतः मूठभर अभियंत्यांच्या व्यवहारातील होते. आज ते रास्त भाव दुकानासमोरील रांगेत, बँकेच्या खिडकीशी आणि तहसील कचेरीच्या ओट्यावरही ऐकू येतात. परंतु शब्द जितक्या वेगाने पसरले, तितक्या वेगाने त्यांच्या नेमक्या अर्थाची जाण पसरली नाही. महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्हा हे याचे लक्षणीय उदाहरण आहे. ‘आधार’ या ओळख क्रमांकाच्या वाटपाचा देशातील प्रारंभ याच जिल्ह्यातील टेंभली या गावी झाला. त्यामुळे अन्यत्र वाचन, पत्रव्यवहार वा करमणूक यांच्या निमित्ताने परिचित झालेली ही परिभाषा येथील अनेक कुटुंबांच्या जीवनात प्रथम आली, ती धान्य, निवृत्तिवेतन व मजुरी यांच्याशी निगडित होऊन.

जिल्ह्याची पार्श्वभूमी : १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी असे त्याचे सहा तालुके असून अक्राणीचे मुख्यालय धडगाव येथे आहे. उत्तर सीमेवर नर्मदा, दक्षिणेकडे तापीचे खोरे आणि या दोहोंमध्ये सातपुड्याच्या रांगा अशी त्याची स्थूल रचना आहे. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. ६९ टक्के व साक्षरतेचे प्रमाण सु. ६४ टक्के होते. भिली, पावरी, मावची, देहवाली, अहिराणी, गुजराती अशा बोली व भाषा येथे बोलल्या जातात. तेव्हा येथील बहुसंख्य रहिवाशांच्या दृष्टीने प्रमाण मराठी हीच शाळेत शिकावयाची भाषा, आणि आंतरजालाची परिभाषा ही तिच्याही पलीकडची. परिभाषेच्या इतिहासाचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

जाल, पुडके व पत्ता : आंतरजालाचे मूळ अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या साहाय्याने उभारलेल्या ‘अर्पानेट’ या जाळ्यात आहे. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील लॉस अँजेलिस येथील विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाकडे पहिला संदेश धाडण्यात आला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवावयाचा होता. पण त्याची पहिली दोन अक्षरे पोहोचताच समोरचा संगणक बंद पडला. तार शाबूत होती, पाठविणारे यंत्रही ठीक होते. बिघाड झाला होता तो पलीकडच्या टोकास. सु. तासाभराने संपूर्ण शब्द पोहोचला. जोडणी असणे आणि सेवा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा अशा रीतीने आंतरजालाच्या पहिल्या दिवशीच मिळाला होता.

दूरध्वनीच्या जुन्या पद्धतीत दोघांचे बोलणे चालू असेतोवर त्यांच्यामधील संपूर्ण वाट त्यांच्यासाठीच राखून ठेवली जाई. संगणकांचे संभाषण तुटक असल्याने ही रीत खर्चाची ठरली असती. अमेरिकेत पॉल बॅरन व इंग्लंडमध्ये डॉनल्ड डेव्हिस यांनी १९६०–७० या दशकात स्वतंत्रपणे दुसरा मार्ग सुचविला. संदेशाचे लहान तुकडे करावेत, प्रत्येकावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता घालावा आणि जी वाट मोकळी असेल तीवरून तो पुढे ढकलावा, असे त्याचे स्वरूप होते. या तुकड्यास ‘पॅकेट’ म्हणजे पुडके हे नाव डेव्हिस यांनी दिले. पुडकी निरनिराळ्या वाटांनी व मागेपुढे पोहोचतात आणि शेवटच्या टोकाला त्यांची क्रमवार जुळणी होते. वाटेतील प्रत्येक चौकात पुडके कोणत्या दिशेस वळवावयाचे हे ठरविणाऱ्या यंत्रास ‘राउटर’ म्हणतात.

निरनिराळ्या बनावटीची जाळी एकमेकांशी बोलू लागावयाची, तर संभाषणाचे नियम समान असावे लागतात. अशा नियमसंचास ‘प्रोटोकॉल’ ही संज्ञा आहे. व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये असा एक संच मांडला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सर्फ, योगेन दलाल व कार्ल सनशाइन यांनी सिद्ध केलेल्या तपशीलवार आराखड्यात ‘इंटरनेट’ हा शब्द जाळ्यांमधील जाळे या अर्थाने छापला गेला. यांपैकी दलाल हे मुंबईतील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे पदवीधर होत. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने टीसीपी/आयपी हा नियमसंच स्वीकारला; आजच्या आंतरजालाचा आरंभ सामान्यतः या तारखेपासून मानतात.

या संचानुसार जाळ्याशी जोडलेल्या प्रत्येक यंत्रास एक अंकी पत्ता असतो. त्यास ‘आयपी पत्ता’ म्हणतात. पत्त्यांच्या मूळ पद्धतीत सु. ४२९ कोटी पत्ते शक्य होते. ते अपुरे पडू लागल्याने पुष्कळ मोठ्या क्षमतेची नवी पद्धत पुढे आली. अंक लक्षात ठेवणे कठीण असल्याने १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची व्यवस्था रचली. तीनुसार ‘डोमेन’ म्हणजे नाव दिले असता त्याचा अंकी पत्ता शोधून देण्याचे काम काही खास संगणक करतात. ‘डॉट इन’ हा शेवट भारताचा वाचक असून भारतीय शासकीय स्थळांची नावे सामान्यतः ‘डॉट गव्ह डॉट इन’ अशी संपतात.

जागतिक जाल : आंतरजाल व जागतिक जाल अथवा ‘वेब’ हे शब्द पर्यायवाची समजण्याची चूक वारंवार होते. आंतरजाल हा रस्ता होय. जागतिक जाल ही त्या रस्त्यावरून चालणारी एक वाहतूक होय. विद्युत्‌पत्र म्हणजे ई-मेल ही सेवा वेबच्या आधीची आहे. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये दोन संगणकांमध्ये ते पाठवून दाखविले आणि व्यक्तीचे नाव व संगणकाचे नाव यांच्यामध्ये घालावयाचे ‘ॲट’ हे चिन्हही त्यांनीच निवडले. वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये जिनीव्हानजीकच्या ‘सर्न’ या अणुसंशोधन संस्थेत मांडली. १९९० च्या अखेरीस पहिला वेब सर्व्हर तेथे सुरू झाला आणि ३० एप्रिल १९९३ रोजी हे तंत्र कोणाही व्यक्तीस विनामूल्य वापरण्यास सर्नने खुले केले. त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठात तयार झालेल्या ‘मोझेइक’ या ब्राउझरमुळे चित्रे व मजकूर एकाच पानावर दिसू लागून वेब सामान्य माणसाच्या आटोक्यात आले.

वेबची परिभाषा चार-पाच शब्दांभोवती फिरते. मागणी करणाऱ्या यंत्रास ‘क्लायंट’ व मागणी पुरविणाऱ्या यंत्रास ‘सर्व्हर’ म्हणतात. सर्व्हर हा निराळ्या जातीचा पदार्थ नसून रात्रंदिवस चालू असलेला व इतरांच्या मागण्यांना उत्तरे देणारा संगणकच असतो. असे अनेक संगणक भाड्याने पुरविण्याच्या व्यवस्थेस ‘क्लाउड’ हे नाव पडले असले, तरी त्यातील माहिती आकाशात नसून जमिनीवरील इमारतींतच साठविलेली असते. सर्व्हरवरील पाने मागवून ती पडद्यावर मांडणारी आज्ञावली म्हणजे ‘ब्राउझर’. एका पानावरील शब्दास स्पर्श केला असता दुसरे पान उघडते, त्या जोडणीस ‘लिंक’ म्हणतात. पानाच्या संपूर्ण पत्त्यास ‘यूआरएल’ अशी संज्ञा आहे. ‘सर्च इंजिन’ म्हणजे शोधयंत्र हे वेबच्या पानांची सूची आगाऊ तयार करून ठेवते व मागितलेल्या शब्दांशी जुळणारी पाने त्या सूचीतून दाखविते. ते स्वतः वेब नव्हे. ‘ॲप’ हे बहुधा एकाच सेवेपुरते असलेले व भ्रमणध्वनीवर बसविलेले साधन असून पुष्कळदा तेही पडद्याआड सर्व्हरशीच बोलत असते.

भारतातील प्रसार : भारतात १९८६ मध्ये ‘अर्नेट’ हे शैक्षणिक व संशोधन संस्थांचे जाळे सुरू झाले. त्यात मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र व पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था यांचा समावेश होता. शासकीय कामकाजासाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ‘निकनेट’ हे उपग्रहाधारित जाळे उभारून जिल्हा मुख्यालयांपर्यंत संगणक नेले. सामान्य नागरिकांना ही सेवा १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगममार्फत मिळू लागली. आरंभी मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई ही तिची प्रमुख केंद्रे होती. दूरध्वनीच्या तारेतून ‘मोडेम’च्या साहाय्याने जोडणी करावी लागे. अंकीय संकेतांचे ध्वनिसंकेतांत व पुन्हा उलट रूपांतर करणाऱ्या या यंत्राचे नाव मूळच्या दोन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून बनले आहे. १९९८ च्या अखेरीस खाजगी कंपन्यांना ही सेवा देण्याची मुभा मिळाली. नंदुरबार जिल्हाही त्याच वर्षी निर्माण झाला होता.

जोडणीची वाहकक्षमता ‘बँडविड्थ’ या संज्ञेने सांगतात व ती दर सेकंदाला जाणाऱ्या ‘बिट’च्या संख्येत मोजतात. बिट म्हणजे शून्य अथवा एक यांपैकी एक अंक. आठ बिटांचा एक ‘बाइट’ होतो. वेग बिटमध्ये व साठा बाइटमध्ये सांगण्याचा प्रघात असल्याने नवशिक्याचा गोंधळ होतो. सेकंदाला आठ मेगाबिट वेगाच्या जोडणीवरून एका सेकंदात आठ नव्हे, तर एकच मेगाबाइट माहिती उतरते. महाराष्ट्रात संगणकसाक्षरतेच्या प्रसारास २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने मोठा हातभार लावला. तालुक्याच्या गावी संगणकाची प्रशिक्षण केंद्रे निघाली आणि परिभाषेचा पहिला औपचारिक परिचय तरुणांना तेथे होऊ लागला.

लिपीचा प्रश्न : परिभाषा समजण्यापूर्वी ती स्वतःच्या लिपीत वाचता येणे अवश्य असते. संगणक अक्षरे ओळखीत नाही. प्रत्येक अक्षरास दिलेला अंक तो ओळखतो. आरंभीच्या देवनागरी अक्षरसंचांत, म्हणजे ‘फॉन्ट’मध्ये, रोमन अक्षरांसाठी ठरलेल्या अंकांवरच देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी असल्याने एका संगणकावर टंकित केलेला मराठी मजकूर, तोच फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपाने उमटे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही प्रमाण संकेतावली तयार करण्यात आली व भारतीय मानक संस्थेने तिला १९९१ मध्ये मान्यता दिली. पुण्याच्या ‘सी-डॅक’ संस्थेने तिच्यावर आधारित साधने प्रचारात आणली. १९९१ मध्येच प्रसिद्ध झालेल्या ‘युनिकोड’ या जागतिक संकेतावलीत देवनागरीचा समावेश इस्कीच्या पूर्वीच्या आवृत्तीच्या धर्तीवर झाला. युनिकोडमुळे प्रत्येक देवनागरी अक्षरास जगभर एकच अंक मिळाला आणि मराठी मजकूर शोधयंत्रास सापडू लागला. पावरी, मावची, अहिराणी यांसारख्या बोली देवनागरीत लिहिल्या जात असल्याने त्यांनाही हा लाभ आपोआप मिळाला. २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘डॉट भारत’ हा देवनागरीतील डोमेन-शेवट सुरू झाला. त्यामुळे स्थळाचे संपूर्ण नाव मराठीत लिहिणे शक्य झाले.

मराठी प्रतिशब्द : आंतरजालाच्या संज्ञांसाठी मराठीत जे शब्द योजले गेले, त्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग संस्कृत घटकांवरून घडविलेल्या शब्दांचा, उदा., संगणक, आंतरजाल, महाजाल, विदा. दुसरा वर्ग जुन्या शब्दांना नवा अर्थ देऊन बनलेला आहे व तो विशेष मनोरंजक आहे. ‘संकेतस्थळ’ म्हणजे भेटीसाठी आधी ठरविलेली जागा. वेबसाइटसाठी हा शब्द सहज रुळला. साखळीतील एका कडीस वा जोडणाऱ्या घटकास ‘दुवा’ म्हणतात. लिंक या अर्थाने तो चपखल ठरला. पहारेकऱ्यास ओळख पटविण्यासाठी सांगावयाच्या खुणेच्या शब्दास ‘परवलीचा शब्द’ म्हणत. तोच पासवर्डसाठी पुढे आला. किल्ल्याच्या दरवाजावर परवलीचा शब्द परक्याच्या कानी पडला, तर दरवाजाचा उपयोग उरत नसे. नव्या अर्थातही हा शब्द तोच इशारा देतो.

तिसरा वर्ग इंग्रजीतून जसेच्या तसे उचललेल्या शब्दांचा असून बोलण्यात त्याचेच प्राबल्य आहे. त्यांतील ‘नेट’ या शब्दाची गंमत अशी, की मराठीत तो आधीपासूनच आहे. ‘नेटाने काम करणे’ यात त्याचा अर्थ जोर वा चिकाटी असा होतो. लोकांनी हे दोन्ही शब्द प्रसंगावरून वेगळे ओळखून सुखाने वापरले. यावरून दिसते, की शब्द परका आहे की आपला, हा परिभाषेचा खरा प्रश्न नव्हे. तो कोणत्या वस्तूस लावावयाचा हे ठाऊक असणे महत्त्वाचे. ‘सर्व्हर’ऐवजी ‘सेवादाता’ म्हटल्याने संकल्पना आपोआप स्पष्ट होत नाही, आणि ‘सर्व्हर’ म्हटल्याने ती अस्पष्टही राहत नाही.

टेंभली, २०१० : भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाची स्थापना जानेवारी २००९ मध्ये झाली व नंदन नीलेकणी हे त्याचे पहिले अध्यक्ष झाले. क्रमांकास ‘आधार’ हे अनेक भारतीय भाषांत समजणारे नाव २०१० मध्ये देण्यात आले. २९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग व सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत टेंभली येथील दहा रहिवाशांना पहिले क्रमांक देण्यात आले. त्यांतील पहिला क्रमांक एका महिलेस मिळाला. ओळखीची कागदपत्रे नसल्यामुळे शासकीय लाभांपासून वंचित राहणाऱ्यांना ओळख मिळावी, हा या योजनेचा उद्‌घोषित हेतू होता. आदिवासीबहुल जिल्ह्यातील लहान गावात तिचा प्रारंभ करण्यामागील आशयही तोच होता.

आधार हा बारा अंकी क्रमांक आहे. नोंदणीच्या वेळी नाव, पत्ता, जन्मतारीख इ. तपशिलांसह छायाचित्र, दहा बोटांचे ठसे व दोन्ही डोळ्यांतील बुबुळांच्या प्रतिमा घेतल्या जातात. शरीरावरील अशा खुणांच्या मापनास ‘बायोमेट्रिक्स’ म्हणतात. सुव्यवस्थितपणे साठविलेल्या व हवी ती नोंद झटपट काढून देणाऱ्या माहितीच्या साठ्यास ‘डेटाबेस’ ही संज्ञा असून आधारचा डेटाबेस प्राधिकरणाच्या केंद्रीय भांडारात असतो. येथे ‘ओळख’ व ‘प्रमाणीकरण’ या दोन संज्ञांत भेद करणे अगत्याचे आहे. ओळख म्हणजे क्रमांक मिळणे. ते एकदाच घडते. प्रमाणीकरण म्हणजे समोरची व्यक्ती त्या क्रमांकाचीच आहे, याची प्रत्येक व्यवहाराच्या वेळी केलेली पडताळणी होय. यंत्रावर घेतलेला ठसा गुप्त संकेतांत बदलून क्रमांकासह भांडाराकडे जातो आणि साध्या प्रमाणीकरणात तेथून ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर येते. माहितीचे असे संकेतांत रूपांतर करण्यास ‘एन्क्रिप्शन’ म्हणतात. कार्ड जवळ असणे यास प्रमाणीकरण म्हणता येत नाही; ते प्रत्येक वेळी दूरच्या सर्व्हरशी होणाऱ्या संभाषणावर अवलंबून असते. टेंभलीस २०१० मध्ये क्रमांक पोहोचला. परंतु क्रमांकाचा उपयोग होण्यास लागणारी जोडणी जिल्ह्याच्या सर्व भागांत त्याबरोबर पोहोचली नव्हती.

‘सर्व्हर डाऊन’ : राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ अन्वये अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किग्रॅ. व प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस ५ किग्रॅ. धान्य देय असते. रास्त भाव दुकानांत ‘ई-पॉस’ यंत्रे आल्यानंतर धान्य मिळण्यापूर्वी बोटाच्या ठशाने प्रमाणीकरण होऊ लागले. व्यवहार अडला की ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे एकच वाक्य सर्वत्र कानी पडते. वास्तविक या वाक्यात निरनिराळे पाच बिघाड दडलेले असू शकतात.

पहिला बिघाड यंत्राचा. यंत्रातील विद्युत् घट उतरलेला असतो किंवा ठसा घेणारी काच मळलेली असते. दुसरा संदेशाचा. यंत्रास भ्रमणध्वनीच्या मनोऱ्याकडून पुरेसे रेडिओ-तरंग मिळत नाहीत. यालाच लोक ‘रेंज नाही’ असे म्हणतात. तिसरा मनोऱ्यामागील जोडणीचा. मनोरा सुरू असतो, यंत्रावर रेंजच्या रेघाही दिसतात. परंतु मनोऱ्यास उर्वरित जाळ्याशी जोडणारी प्रकाशतंतूची तार तुटलेली असते किंवा सूक्ष्मतरंगांचा दुवा बंद पडलेला असतो. चौथा खऱ्या अर्थाने सर्व्हरचा. संदेश इष्ट स्थळी पोहोचतो. पण विभागाचा अथवा प्राधिकरणाचा संगणक बंद असतो किंवा एकाच वेळी आलेल्या असंख्य मागण्यांमुळे उत्तर देण्यास असमर्थ ठरतो. पाचव्या प्रकारात काहीच बिघडलेले नसते. संदेश जातो, उत्तरही येते, पण ते ‘नाही’ असे असते. शेतीकाम व मजुरी करणाऱ्यांच्या तसेच वृद्धांच्या बोटांवरील रेषा झिजतात आणि ठसा नोंदीशी जुळत नाही.

हे पाच प्रकार वेगळे ओळखण्याचे महत्त्व केवळ तात्त्विक नाही. पहिल्याचा उपाय दुकानात असतो, दुसऱ्या व तिसऱ्याचा दूरसंचार कंपनीकडे, चौथ्याचा शासकीय विभागाकडे. यांतील चौथा बिघाड एकट्या दुकानापुरता नसतो. तो खरा असेल, तर शेजारच्या गावातील दुकानही त्याच वेळी अडलेले असते. याउलट तेथे व्यवहार सुरळीत असेल, तर दोष जवळचाच होय. पाचव्या प्रकारात वाट पाहून काहीच साधत नाही. त्यावर दुसऱ्या बोटाचा ठसा, बुबुळाची प्रतिमा, नोंदविलेल्या भ्रमणध्वनीवरील सांकेतिक अंक किंवा आधार केंद्रात जाऊन ठशांचे अद्ययावतीकरण हे उपाय होत. डोंगर उतरून आलेल्या माणसास ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असे सांगितले जाते, तेव्हा एका दिवसाची मजुरी व परतीची वाट पणास लागलेली असते. बिघाड ठशाचा असेल, तर दुसऱ्या दिवशीही त्याची तीच गत होते.

कायद्याने या भेदाची दखल घेतली आहे. आधार अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने शासकीय लाभांसाठी आधारचा वापर वैध ठरविला. मात्र प्रमाणीकरण अयशस्वी झाले, एवढ्याच कारणाने पात्र व्यक्ती लाभास मुकू नये, ही भूमिका निर्णयात नमूद झाली. ‘प्रमाणीकरण अयशस्वी’ व ‘व्यक्ती अपात्र’ या दोन वाक्यांतील अंतर ज्यास कळते, त्यासच या संरक्षणाचा उपयोग करून घेता येतो.

मनोरे व प्रकाशतंतू : भ्रमणध्वनीच्या संदर्भातील टूजी, थ्रीजी, फोरजी व फाइव्हजी या संज्ञांतील ‘जी’ हे अक्षर पिढी या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर होय. भारतात फोरजी सेवा २०१२ मध्ये व फाइव्हजी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. या सेवांसाठी वापरले जाणारे रेडिओ-तरंग डोंगर ओलांडून सहजासहजी वळत नाहीत. त्यामुळे सपाट मुलखात एक मनोरा जेवढे क्षेत्र व्यापतो, तेवढे सातपुड्याच्या दऱ्यांत व्यापू शकत नाही. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील विखुरलेल्या पाड्यांची अडचण मुख्यतः या भूरचनेतून उद्‌भवते. ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूंनी जोडण्याच्या राष्ट्रीय योजनेस २०११ मध्ये मंजुरी मिळाली व पुढे तिचे ‘भारतनेट’ असे नामकरण झाले. केसाइतक्या बारीक काचतंतूतून प्रकाशाच्या स्पंदांच्या रूपाने माहिती वाहून नेण्याचे हे तंत्र आहे. २०१८ मध्ये केंद्र शासनाने निश्चित केलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत नंदुरबारचा समावेश झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांच्या ४४ आकांक्षित जिल्ह्यांतील सेवावंचित अशा ७,२८७ गावांना फोरजी सेवा पुरविण्याची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केली. तथापि ग्रामपंचायत ‘जोडली’ याचा अर्थ प्रकाशतंतू तिच्या कार्यालयापर्यंत गेला एवढाच होतो. तेथून प्रत्येक पाड्यापर्यंतचे अंतर, ज्यास परिभाषेत ‘अंतिम टप्पा’ म्हणतात, उरतेच.

परवलीचे नवे रूप : पासवर्ड चोरीस जाण्याचा धोका असल्याने एकदाच व थोड्या वेळापुरता चालणारा सांकेतिक अंक व्यवहाराच्या क्षणी भ्रमणध्वनीवर पाठविण्याची पद्धत आली, त्यास ‘ओटीपी’ म्हणतात. हा अंक व्यवहारास दिलेली संमती असते, म्हणून त्याची योग्यता सहीइतकी आहे. खोटे संकेतस्थळ वा खोटा निरोप यांद्वारे माणसास फसवून त्याच्याकडूनच अशी माहिती काढून घेण्यास ‘फिशिंग’ म्हणतात. मासे गळाला लावणे या क्रियेवरून ही संज्ञा निघाली. तिच्यापासून बचाव करण्यास परिभाषेचे ज्ञान प्रत्यक्ष उपयोगी पडते. पत्त्यातील पहिल्या एकेरी तिरप्या रेघेपूर्वीचे नाव उजवीकडून डावीकडे वाचावे. कारण खरा मालक त्या नावाच्या शेवटच्या भागावरून कळतो. शासकीय संस्थेचे नाव आरंभी घालून शेवट मात्र भलताच असलेला पत्ता शासकीय नसतो. ब्राउझरमधील कुलुपाचे चिन्ह पुडकी वाटेत कोणी उघडून वाचणार नाही, एवढेच सांगते. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे, अशी ग्वाही ते देत नाही. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय पातळीवरील १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळविणे इष्ट ठरते. कारण पैसा पुढच्या खात्यांत विखुरण्यापूर्वीच तो रोखणे शक्य असते.

समारोप : आंतरजालाच्या परिभाषेचा प्रवास प्रयोगशाळेकडून विद्यापीठाकडे, विद्यापीठाकडून शहराकडे व शहराकडून गावाकडे झाला. नंदुरबार जिल्ह्यात मात्र या क्रमातील काही पायऱ्या गळाल्या. ज्या कुटुंबांनी ब्राउझर कधी उघडला नव्हता, त्यांच्या ताटातील धान्य प्रमाणीकरणाच्या उत्तरावर अवलंबून राहू लागले. अशा ठिकाणी परिभाषेचे ज्ञान हे ऐच्छिक विद्वत्तेत मोडत नाही. सातबारा, फेरफार, तगाई हे शब्द एके काळी कचेरीचे होते. ते समजून घेणारा शेतकरी आपल्या जमिनीबद्दल प्रश्न विचारू शके आणि न समजणाऱ्यास कारकुनाच्या शब्दावर विसंबावे लागे. सर्व्हर, प्रमाणीकरण, ओटीपी या शब्दांचे स्थान आज तेच आहे. १९६९ मध्ये पहिला संदेश दोन अक्षरांवर तुटला, तेव्हा दोन्ही टोकांची माणसे दूरध्वनीवरून एकमेकांशी बोलत होती. त्यामुळे चूक कोणत्या टोकास झाली हे त्यांना लगेच कळले व ती दुरुस्त झाली. दुकानाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसास पलीकडच्या टोकाशी असे बोलता येत नाही. अडथळा नेमका कोठे आहे, हे विचारण्यापुरते शब्द मात्र त्याच्यापाशी असू शकतात.